पुण्यात मुलीची मुलाखत: घरच्यांनी काय आखावं, काय सोडावं

परभणी जिल्ह्यातल्या एका वडिलांनी विचारलं आहे. मुलगी यंदा बारावी झाली. डिझाइनच्या पदवीसाठी पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाची लेखी परीक्षा पास झाली आणि आता जूनमधल्या एका सोमवारी सकाळी साडेनऊला पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या चित्रांचं फोल्डर, घेऊन मुलाखतीला बोलावलंय. येणार पाच जण: आईवडील, मुलगी, आठवीतला मुलगा आणि आजी. बेत असा की रविवारी रात्री ट्रॅव्हल्सने निघायचं, सकाळी उतरून मुलाखत उरकायची, दुपारी शनिवारवाडा आणि दगडूशेठ, रात्री वाघोलीला चुलतभावाकडे मुक्काम, मंगळवारी आळंदी करून परत. त्यांचे प्रश्न तीन. भावाकडे उतरावं की लॉज घ्यावा? पालकांना आत सोडतात का? आणि मुलीचं इंग्रजी कच्चं आहे, त्याचं काय करावं?

मी पुण्यात डिझाइन शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून प्रवेशाच्या मुलाखतींना पॅनेलवर बसते. टेबलासमोर बसलेली मुलं मला दिसतात, तसे बाहेर व्हरांड्यात ताटकळलेले आईवडीलही दिसतात. दादा, तुमचे तिन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण खरी अडचण त्यांच्याही आधीची आहे. तुम्ही एकाच फेरीत दोन कामं बसवली आहेत: मुलीची मुलाखत आणि घरच्यांचं पुणं बघणं. दोन्ही व्हायला हवीत. आजी एवढ्या लांब येणार आणि आळंदीला न जाता परत जाणार, हे मीही म्हणणार नाही. फक्त मुलगी मुलाखत देऊन बाहेर येईपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावू नका. सगळी आखणी या एका गोष्टीवरून करा, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

आधी रात्रीच्या प्रवासाचं. परभणीकडची ट्रॅव्हल्स नगर रोडने येते. कागदावर ती पहाटे सहाला पुण्यात असते. पण जेवणाचा थांबा लांबला, कुठं टायर बसला, आणि गाडी सातनंतर वाघोलीत शिरली, की संगमवाडीच्या ट्रॅव्हल्स थांब्याला पोहोचेपर्यंत आठ वाजून जातात. मग आंघोळ कुठं करायची, कपडे कुठं बदलायचे? पेट्रोल पंपावर तोंड धुऊन थेट मुलाखतीला आलेली मुलं मी दरवर्षी पाहते. त्यांना येत नसतं असं नाही. पण प्रश्न दोनदा विचारावा लागतो, स्वतःच्याच चित्राबद्दल बोलताना शब्द आठवत नाही. मुलाखत असते पंधरा-वीस मिनिटांची. त्यातली पहिली सात मिनिटं डोळे उघडण्यात गेली तर उरलं काय? म्हणून शनिवारी रात्री निघा आणि रविवारचा अख्खा दिवस पुण्यात काढा. रात्रीची झोप बसमध्ये झाली नाही तरी रविवारी दुपारी भरून निघते. दुकान किंवा रजा यामुळे सगळ्यांना शनिवारी निघणं जमत नसेल, तर मुलगी आणि तुमच्यापैकी एक जण आधी या, बाकीचे मागून येऊ द्या. पाच जणांनी एकत्रच निघालं पाहिजे असं काही नाही.

आता राहायचं कुठं. याचं उत्तर मला लगेच देता येत नाही, कारण तुम्ही विद्यापीठाचं नाव दिलंय, कॅम्पस दिलेला नाही. पुण्यात ही बाब फार महत्त्वाची आहे. सिम्बायोसिस म्हटलं तर सेनापती बापट रस्ता, विमाननगर आणि लवळ्याची टेकडी, अशा निरनिराळ्या टोकांना त्यांच्या संस्था आहेत. एमआयटी म्हटलं तर कोथरूडला एक, लोणी काळभोरला दुसरं, आळंदीला तिसरं. भारती विद्यापीठ एरंडवण्यातही आहे आणि धनकवडीतही. डी. वाय. पाटील पिंपरीत, आकुर्डीत आणि लोहगावातही. रिक्षावाल्याला नुसतं नाव सांगितलं तर तो त्याला माहीत असलेल्या फाटकाशी नेऊन सोडतो, त्यात त्याची काही चूक नसते. कोथरूडच्या फाटकाशी उभं राहून ‘आमचा नंबर लोणी काळभोरला आहे’ हे कळणं म्हणजे त्या दिवसापुरती मुलाखत गेलीच, कारण मधे सगळं शहर आहे. मुलाखतीचं पत्र काढा, त्यातला पत्ता पिनकोडसकट वाचा, इमारतीचं नाव आणि मजला पाहा, आणि शंका असेल तर कार्यालयाच्या वेळेत फोन करून विचारा.

कॅम्पस विमाननगरला असेल तर वाघोलीचं घर त्याच रस्त्यावर आहे, तिथंच राहा. लोणी काळभोरला असेल तरी वाघोलीहून केसनंद-थेऊरकडून जाता येतं, शहरात शिरावं लागत नाही. पण कोथरूड किंवा लवळे असेल तर वाघोली अगदी उलट्या टोकाला पडते. मग रविवारची एक रात्र डेक्कन, कर्वे रोड किंवा कोथरूड भागात साधा लॉज घ्या. डेक्कनहून मेट्रो वनाजकडेही जाते आणि पुणे स्टेशनमार्गे रामवाडीकडेही, त्यामुळे सकाळच्या गर्दीत निदान निम्म्या रस्त्याची हमी मिळते. लवळ्याला मेट्रो नाही. रिक्षा वर जाते, पण परतीला मिळेलच असं नाही. तिथं जाऊन-येऊन गाडी ठरवलेली बरी. लॉजवाल्याला दोन गोष्टी आधीच विचारा: खोली चोवीस तासांच्या हिशेबाने आहे की दुपारी बाराला सोडायची, आणि सकाळी सहाला गरम पाणी असतं का. रेल्वेने येणार असाल तर हेही बघा की नांदेडकडच्या काही गाड्या हडपसरलाच संपतात, पुणे स्टेशनपर्यंत येत नाहीत.

भावाकडे उतरायचं ठरलं तर त्यांना आधी फोन करून एक गोष्ट मोकळेपणानं सांगा, अगदी तुमच्या तोंडून: ‘रविवारी रात्री पोरीला लवकर झोपू द्यायचंय आणि तिच्या शिक्षणावर चर्चा सोमवारी संध्याकाळी करू.’ आपल्याकडे पाहुणे आले की पुरणपोळीचं जेवण होतं, शेजारपाजारचे डोकावतात, आणि कुणीतरी विचारतंच, ‘डिझाइन म्हणजे नक्की काय गं? त्यापेक्षा इंजिनिअरिंग का नाही केलंस?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण अठराव्या वर्षी मुलाखतीच्या आदल्या रात्री तो प्रश्न मनात रुततो आणि दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलापर्यंत येतो. आम्ही विचारतो, हाच कोर्स का? आणि मुलगी काकांना द्यायचं राहिलेलं उत्तर आम्हाला देते.

रविवारी संध्याकाळी मुलीला घेऊन कॅम्पसच्या फाटकापर्यंत एकदा जाऊन या. आत सोडलं नाही तरी चालेल. फाटक कुठलं, वॉचमन कुठं बसतो, समोर झेरॉक्सचं दुकान आहे का, चहा कुठं मिळतो, एवढं दिसलं की सोमवारी ती जागा परकी वाटत नाही. मात्र रविवारी लागलेल्या वेळेवर सोमवारचा हिशेब करू नका. नगर रोडवर रविवारी जे अंतर अर्ध्या तासात कापलं, त्याला सोमवारी सकाळी सव्वा तास सहज लागतो, आणि जूनचा पाऊस आला तर त्याहून जास्त. साडेनऊची वेळ असेल तर नऊला फाटकाशी असायचं असं धरून निघा.

सोमवारी सोबत एकानेच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फार तर दोघांनी. पालकांना मुलाखतीच्या खोलीत सोडत नाहीत, हॉलमध्ये किंवा व्हरांड्यात थांबावं लागतं. शिवाय पत्रात लिहिलेली साडेनऊ ही हजेरीची वेळ असते. आधी कागद तपासतात, कधी जागेवर करायचं काही काम देतात, आणि प्रत्यक्ष नंबर बारालाही लागतो, तीनलाही. एवढा वेळ आजींनी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचं आणि आठवीतल्या मुलाने गप्प राहायचं, हे दोघांवरही ओझं आहे. मुलीचं लक्षही मग आजीने काही खाल्लं का, याकडे जातं. आजी आणि धाकटा भावाकडेच राहू द्या. बरोबर पोळी-भाजीचा डबा आणि पाणी घ्या, कॅन्टीनच्या भरवशावर राहू नका. आणि कोण न्यावं हे मुलीला विचारा. वडीलच गेले पाहिजेत असा नियम नाही. काही मुली आईबरोबर शांत असतात, काही वडिलांबरोबर. तिला ते नेमकं ठाऊक असतं.

पोर्टफोलिओबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रवासाचा सगळ्यात मोठा धोका त्यालाच आहे. तो बसच्या डिकीत टाकू नका. पावसात डिकीत पाणी येतं आणि वर दुसऱ्याची ट्रंक पडते. चित्रांची गुंडाळी करून नळकांड्यात आणली तर टेबलावर ती सरळ होत नाही, आम्ही दोघं दोन टोकं धरून बसतो आणि मुलगी मधलं दाखवते. सपाट फोल्डर घ्या, बाहेरून जाड प्लॅस्टिकची पिशवी, आणि तो सीटवर मांडीजवळ ठेवा. आकार कॉलेजने सांगितला असेल तोच. सगळ्या पानांचे मोबाइलवर नीट उजेडात फोटो काढून ठेवा, म्हणजे एखादं पान खराब झालं तरी दाखवायला काही उरतं. कच्ची वही, जिच्यात खाडाखोड आहे, तीही आणायला सांगा. बरीच मुलं ती घरी ठेवून येतात, कारण ती ‘नीट’ नसते. आम्हाला तीच हवी असते.

असं का, ते एका मुलावरून सांगते. सोलापूरकडचा एक मुलगा आला होता. त्याच्या फोल्डरमध्ये क्लासमध्ये घटवून घेतलेली सुबक चित्रं होती: सफरचंद, बाटली, कापडाच्या चुण्या. तशी चित्रं त्या दिवशी आम्ही सकाळपासून पाहत होतो. मग त्याच्या वहीत एक पान निघालं. गावच्या एसटी स्टँडवरचा पिण्याच्या पाण्याचा नळ. नळाची तोटी आणि खालचा कट्टा यांतलं अंतर त्याने वितीने मोजलं होतं. लिटरची बाटली त्यात उभी बसत नव्हती, तिरकी धरावी लागे, त्यामुळे ती अर्धीच भरे आणि बाकीचं पाणी माणसाच्या चपलांवर. त्याने शेजारी तीन उपाय काढले होते आणि दोनांवर काट मारली होती. मी विचारलं, हा का खोडलास? म्हणाला, मॅडम, तोटी वर नेली तर लहान पोरांचा हात पोचत नाही. उरलेला सगळा वेळ आम्ही त्या नळावरच बोललो. त्याचं इंग्रजीही कच्चंच होतं.

हेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे, पण त्याला मर्यादाही आहेत, त्या सांगितल्याच पाहिजेत. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी असतं. सगळं मराठीतच चालेल असं मी म्हणणार नाही. पॅनेलवर मराठी समजणारं कुणी असेलच असंही नाही. मुलीनं सुरुवातीलाच सरळ विचारावं: ‘मला इंग्रजी समजतं. काही गोष्टी मराठीत जास्त नीट सांगता येतील, मिसळून बोलले तर चालेल का?’ हे वाक्य तिनं इंग्रजीत म्हणायची सवय करावी. हो म्हणाले तर तिची वाट मोकळी झाली. नाही म्हणाले तर साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत बोलावं. व्याकरण चुकल्याचे गुण कुणी कापत नाही. पाठ केलेला स्वतःचा परिचय मात्र पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येतो, आणि मधेच थांबवलं की तो कोसळतो. तो करूच नका.

त्याऐवजी रोज संध्याकाळी एक खेळ करा, आणि त्यात धाकट्याला घ्या. मुलीनं एकेक पान उघडावं आणि त्याला सांगावं: काय पाहिलं, काय करून बघितलं, काय फसलं, आता केलं तर काय बदलशील. धाकट्यानं फक्त ‘का?’ विचारायचं. आठवीतली मुलं हे काम मन लावून करतात आणि बहिणीला उगाच सोडत नाहीत. एकदा मराठीत झालं की तेच पान इंग्रजीत. दहा पानं अशी झाली की मुलाखतीची तयारी पुष्कळ झाली. पोर्टफोलिओतली सगळी पानं इंटरनेटवरच्या चित्रांवरून केली असतील तर अजून दिवस आहेत. परभणीचा बाजार, घरचं स्वयंपाकघर, शाळेची बाकं यातलं काहीतरी दोन-तीन पानं रेखाटू दे. त्या पानांवर तिला बोलता येईल, कारण ते तिनं स्वतः पाहिलेलं असेल.

कागदांचं थोडक्यात. दहावी-बारावीचे मूळ निकाल, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, लागू असेल तर जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमिलेअर, शिवाय सगळ्यांच्या दोन-दोन प्रती आणि फोटो. एक गोष्ट घरीच तपासा: आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी छापतात, आधारवर बहुतेकदा शेवटी असतं. क्रम उलटा असला तर सहसा अडत नाही, पण स्पेलिंग किंवा वडिलांचं नाव वेगळं असेल तर खिडकीवर प्रश्न येतो. तसं असेल तर खुलाशाचं एक पत्र लिहून आधीच सोबत ठेवा. आणि मूळ कागद दाखवायचे, देऊन यायचे नाहीत. पुढे प्रवेश झाला तरी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे मूळ कागद पडताळून परत द्यायचे असतात.

आता तुमचं स्वतःचं काम. मुलगी आत असताना व्हरांड्यात इतर पालकांच्या ‘आमच्याला दोन ठिकाणी मिळालंय’ या गप्पा ऐकत बसू नका. तो वेळ तुमच्यासाठी सोन्यासारखा आहे. हॉस्टेल पाहा. ते कॅम्पसमध्ये आहे की बाहेर, पहिल्या वर्षी जागा नक्की मिळते का, रात्री किती वाजता फाटक बंद होतं, हे वॉर्डनला विचारा. मग मेसमधून बाहेर पडणाऱ्या दोन-तीन मुलींना विचारा, त्यांची उत्तरं वेगळी असतात. बाहेर राहावं लागलं तर संध्याकाळी सातला बस स्टॉपपासून खोलीपर्यंतचा रस्ता कसा आहे, ते चालून बघा. मुलगी घरी येईल त्या वेळी बघा, भर दुपारी नको.

आणि फी. फी म्हणून जो आकडा सांगतात तो शिकवणीचा असतो. डिझाइनला त्यावर साहित्य, मॉडेल बनवण्याचा खर्च, चांगला लॅपटॉप, अभ्याससहली, हॉस्टेल आणि मेस असतं. चारही वर्षांचा आकडा लिहून मागा, दर वर्षी किती वाढते तेही. इथं बऱ्याच पालकांचा गोंधळ होतो म्हणून सांगते: मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ करण्याचा २०२४चा शासननिर्णय आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींसाठी तो आहे, पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळली आहेत. तुमच्या मुलीचं कॉलेज खासगी विद्यापीठ आहे, तेव्हा ती माफी गृहीत धरून हिशेब करू नका. त्या विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती आहे का, कशावर देतात, दुसऱ्या वर्षी टिकवायला किती गुण लागतात, हे खिडकीवर विचारा. प्रवेश घेऊन नंतर रद्द केला तर किती पैसे परत मिळतात, तेही लेखी घ्या. राहण्याचा खर्च झेपणारा नसेल तर विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी संस्था पुण्यात आहे. १९५५ पासून गावाकडच्या गरजू विद्यार्थ्यांसाठी ती वसतिगृह चालवते. तिचा अर्ज आणि निवड वेगळी असते, म्हणून निकालाची वाट न बघता आधी चौकशी करा.

मुलगी बाहेर आली की लगेच ‘काय काय विचारलं?’ असं सुरू करू नका. तिला पाणी द्या, डबा उघडा. ती आपणहून बोलेल, आणि जे उत्तर चुकलं तेच आधी सांगेल. ते ऐकून घ्या. मुलांना चुकलेलं आठवतं, जमलेलं आठवत नाही. त्यांच्या सांगण्यावरून निकालाचा अंदाज बांधता येत नाही, हे मी दोन्ही बाजू पाहून सांगते.

यानंतर तुमची दुसरी सहल सुरू करा, आणि मनापासून करा. सोमवारी संध्याकाळी मेट्रोने मंडईला उतरा. दगडूशेठ तिथून चालत जवळ आहे, तुळशीबागही. मंडईची दगडी इमारत १८८६ची आहे, ती उभं राहून बघण्यासारखी आहे. थोडा वेळ आधी पोहोचलात तर शनिवारवाड्यापेक्षा मी राजा केळकर संग्रहालय सुचवेन. अडकित्ते, दिवे, दौती, दारं: साध्या वापरातल्या वस्तू किती प्रकारांनी घडवता येतात ते तिथं कपाटागणिक दिसतं. डिझाइनला जाणाऱ्या मुलीला ते बघू दे, आणि आजी त्यातल्या अर्ध्या वस्तू वापरलेल्या असतील, त्या तिला सांगतील.

मंगळवारी आळंदी. वाघोलीहून शहरात न येता लोहगावकडून जाता येतं. मात्र पंचांग बघा. ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या सुमारास माउलींचं प्रस्थान असतं, पाठोपाठ दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. त्या दिवसांत आळंदी आणि पुण्यातले कितीतरी रस्ते बंद असतात, लॉज मिळत नाही, आणि मुलाखतीच्या ठिकाणी पोहोचण्याचा हिशेबही पार बदलतो. तुमचा सोमवार त्यातच येत असेल तर कॅम्पसच्या जवळच राहा आणि आजींना आळंदीऐवजी थेऊरच्या चिंतामणीला न्या, वाघोलीहून ते सोयीचं आहे.

पत्रावरचा कॅम्पसचा पूर्ण पत्ता आणि तारीख कळवा. सोमवारी सकाळी कुठून, कशाने आणि किती वाजता निघायचं ते नेमकं सांगते. आजींना जिने चढवतात का, तेही लिहा, म्हणजे लॉजचं बघताना कुठल्या मजल्यावरची खोली मागायची ते ठरवता येईल.